उजेडात धुतलेला रोल

दुकानाच्या पायरीवर कोणीतरी चपला काढल्या, तेव्हा रईसला वाटलं झेरॉक्सचंच गिऱ्हाईक आहे. मशीनवरून मान वर न करताच त्याने विचारलं, "किती कापी पायजे?"

"मी सावली गावची कुंता. सोमाजीची."

रईसने मशीन बंद केलं. कुंताबाईंच्या कपाळावर कुंकू नव्हतं. मागे रीता उभी होती, त्यांची मुलगी. दोघी बसस्टँडवरून पायीच आल्या असाव्यात. मे महिन्यातली दुपार होती आणि गोल बाजारातली अर्धी शटरं खाली आली होती. त्याने दोघींना पंख्याखाली बसवलं, पाणी दिलं. सोमाजी गेल्याचा निरोप मागच्या आठवड्यातच आला होता. तीस वर्षांची दोस्ती असून अब्बा मातीला गेले नव्हते. गुडघ्याचं कारण सांगून दोन दिवस भिंतीकडे तोंड करून पडून राहिले होते.

"सुक्रवारी तेरवी आहे," कुंताबाई म्हणाल्या. "लोकं येतीन. समोर फोटो ठेवा लागते न. घरात एकबी फोटो नाई त्याईचा. लग्नातला होता, तो मांगच्या पावसात घर चुवलं तवा गेला. मतदानाच्या कार्डावर आहे, पण त्या कार्डावर कोणीच कोणासारखं दिसत नाई."

रईसला हसू आलं आणि ते त्याने आवरलं.

"मंग रीताले याद आलं. मांगच्या महिन्यात मन्सूरभाऊ आले होते तलावावर. पुरा रोल काढला भाऊनं. त्यातला एखादा देसान तं लय झालं."

"अब्बा आले होते? कॅमेरा घेऊन?"

"हो. बसमधून त्याईनंच उतरवून आनलं."

मागच्या महिन्यात अब्बा राजुऱ्याला एका निकाहला जातो म्हणून गेले होते. निदान घरात तसंच सांगितलं होतं. रईसने काउंटरवर पडलेले कागद उगाच सरळ केले. अब्बांच्या डोळ्यांचा काचबिंदू किती पुढे गेला आहे, हे त्याला नागपूरच्या डॉक्टरांनी बाजूला घेऊन सांगितलं होतं. अब्बा मात्र घरी येऊन म्हणाले होते, "थोडं धूसर आहे म्हणते." त्यानंतर ना त्यांनी विषय काढला, ना रईसने. तसंही दिवाळीत त्याने फोटो धुवायच्या अंधारखोलीची भिंत पाडून तिथे झेरॉक्सचं मशीन बसवलं, तेव्हापासून दोघांत कामापुरतंच बोलणं होतं.

"बसा जरा," तो म्हणाला. "मी आत विचारून येतो."

*

शहजादी चवळीच्या शेंगा मोडत बसली होती. सून रुबीना परातीत कणीक मळत होती.

"अम्मी, अब्बा मांगच्या महिन्यात कॅमेरा घेऊन सावलीले गेले होते," रईस हळू आवाजात म्हणाला.

"माहीत आहे मले. पिशवी मीच भरून देल्ली."

"अन् तू बोलली नाई?"

"काय बोलू? जिंदगीभर त्याच पिशवीसंगं घराबाहेर पडले. नको जा म्हणू?"

"अम्मी, त्याईले दिसत नाई."

घरात हे वाक्य कोणी पहिल्यांदाच उघडपणे म्हटलं होतं. रुबीनाचा कणकेतला हात थांबला. शहजादीने हातातली शेंग मोडली, पुन्हा मोडली, आणि तिचे इतके बारीक तुकडे झाले की ती भाजीत घालण्यासारखी राहिली नाही.

तिला हे ईदच्या चांदापासून माहीत होतं. सगळे गच्चीवर होते. कोणीतरी बोट दाखवलं, आणि बोट खाली यायच्या आत मन्सूर म्हणाला होता, "दिसला, दिसला." तो भलतीकडेच पाहत होता. तिने त्याचा खांदा धरून त्याला चांदाकडे वळवलं आणि म्हटलं होतं, "किती बारीक आहे न." त्या दिवसापासून ती त्याचा चहा रोज एकाच जागी ठेवत होती. घरातली खुर्ची कोणी हलवली, तर ती कोणाला न सांगता पुन्हा जागेवर सरकवत होती.

"मी कुंताबाईले सांगतो, रोल खराब झाला म्हून," रईस म्हणाला. "म्हणतो, माझ्याच हातानं डब्बा उघडला, उजेड लागला. माझ्यावर घेतो. अब्बांचं नाव नाई येणार."

"तसंच कर," शहजादी म्हणाली. "रोलमध्ये काही नसन, अन् त्या दोघींसमोर त्याईची मान खाली जाईन. इतके वर्षं लोकाईनं फोटोवाले मन्सूरमियाँ म्हून सलाम केला."

"अन् रोलमध्ये सोमाजीभाऊ असन तं?" रुबीना म्हणाली.

दोघांनी तिच्याकडे पाहिलं. रुबीना कोरपन्याची. या घरात येऊन चार वर्षं झाली होती आणि सासूच्या शब्दावर ती सहसा शब्द टाकत नसे.

"असला तरी काय असन?" रईस म्हणाला. "हललेला, अर्धा."

"माझ्या अब्बांचा एकच फोटो आहे माझ्याजवळ. हललेलाच आहे. मी तो फेकून देल्ला काय?"

शहजादी काहीतरी बोलणार होती, तेवढ्यात दारात मन्सूर दिसला. चौकटीवर हात ठेवून तो उभा होता. किती वेळ उभा होता, कोणास ठाऊक. दुसऱ्या हातात रोल होता, कागदात गुंडाळलेला.

"रुबीना, माठातलं पाणी काढ," तो म्हणाला. "अन् कोपऱ्यावरून बर्फ आन. नळाचं पाणी घेऊ नको, टाकी तापून राह्यली आहे. गरम पाण्यात फिल्मवरचा मसाला सुटून येते."

"अब्बा, अंधारखोली तं तोडली," रईस म्हणाला. "कुठी धुवाचा?"

"बैठकीत. सगळ्याईसमोर."

*

मन्सूरला घरातल्या प्रत्येकाचा श्वास वेगळा ओळखू येऊ लागला होता. बैठकीत तख्तावर डावीकडे कुंताबाई होत्या, त्यांच्याशेजारी रीता. शहजादी अगदी जवळ, त्याच्या गुडघ्यापाशी. रईस लांब, दाराशी.

त्याने मांडीवर काळी थैली घेतली. दुहेरी जाड कापडाची, दोन बाह्यांची. फार वर्षांपूर्वी शहजादीने ती शिवली होती, बाह्यांच्या तोंडाला घट्ट रबर घालून. जिल्ह्यात कुठेही, शाळेच्या वऱ्हांड्यात किंवा एखाद्या झाडाखाली, त्याला त्या थैलीत हात घालून फिल्म बदलता येत असे. आता थैलीत रोल होता, फिल्म धुवायची गोल टाकी होती आणि टाकीतली खाचांची चकती होती. त्याने दोन्ही हात बाह्यांतून आत घातले.

आत गेल्यावर हातांना सगळं आठवलं. रोलवरचा कागद उलगडला, कागदामागे फिल्म हाताला लागली. तिचं टोक त्याने चकतीच्या खाचेत बसवलं आणि चकती पुढे-मागे फिरवायला सुरुवात केली. मध्येच फिल्म अडकली. हातांना घाम आला होता. त्याने जोर केला नाही, हात तसेच थांबवले.

"शहजादी, कपाळ पूस जरा."

तिने ओढणीच्या टोकाने त्याचं कपाळ पुसलं, मग मानही पुसली. इतक्या वर्षांत तो दार लावून हे काम करायचा आणि ती बाहेरून जेवायला हाक मारायची. तो आत काय करतो, ते तिने कधी पाहिलंच नव्हतं.

"एवढंसंच असते हे?" तिने विचारलं.

"एवढंसंच."

फिल्म सुटली आणि सरसर आत गेली. त्याने चकती टाकीत ठेवली, झाकण फिरवून घट्ट बसवलं आणि हात बाहेर काढले.

"झालं. आता टाकीत उजेड जात नाई. दरवाजा, खिडक्या, सगळं उघडा ठेवा. झाकणाच्या भोकातून दवा आत जाते, उजेड नाई जात." त्याने टाकी मांडीवर धरली. पुढच्या कामाला नजर लागणार होती. काचेच्या मापावरची रेघ, थर्मामीटरमधला पारा, भिंतीवरचं घड्याळ. खोलीत सगळे वाट पाहत होते. त्याला एक निमित्त सुचलं, मग दुसरं सुचलं. दोन्ही त्याने सोडून दिली.

"रईस," तो म्हणाला. "इथून पुढं मले नाई जमत. रेघ दिसत नाई. तू ये."

दाराशी हालचाल झाली. रईस येऊन समोर बसला. रुबीनाने पहिल्या दवेची, डेव्हलपरची, बाटली बर्फाच्या पाण्यात धरली होती. पारा उतरल्याचं तिने सांगितलं. रईसने मापात दवा घेतली आणि टाकीच्या तोंडातून एका धारेत ओतली.

"आता जमिनीवर हळूच ठोक," मन्सूर म्हणाला. "बुडबुडे निघतीन. नाई तं चेहऱ्यावर डाग पडते. मंग उलटी कर, सुलटी कर. सावकाश. लेकरू झोपवल्यासारखं."

टाकीत दवा हलल्याचा आवाज येऊ लागला. मन्सूर त्या आवाजावर मान हलवत होता.

"कुंताबाई," तो म्हणाला, "तुमाले एक सांगाचं आहे. यात काही नसन बी. मी गेलो तवाच मले दिसत नव्हतं. सोमाजीले मी सांगतलं नाई. त्यानं बोलावलं होतं, तलाव आटला, मासोळी निघून राह्यली, ये फोटो काढाले. मले वाटलं, एक डाव अजून जाऊन यावं. कोनाले समजनार नाई."

कुंताबाई तख्तावरून थोड्या पुढे सरकल्या.

"त्याईले माहीत होतं, भाऊ."

रईसचा हात थांबला.

"थांबू नको," मन्सूर म्हणाला, आणि मग कुंताबाईंकडे तोंड केलं. "काय माहीत होतं?"

"तुमी बसमधून उतरले, तवाच समजलं म्हने. घरी येऊन मले म्हनाले, मन्सूरभाऊले दिसत नाई, पण तू त्याईच्यासमोर बोलू नको. भात वाढशीन तं मासोळीतला काटा काढून वाढ. म्हून मी काटे काढून देल्ले तुमाले."

मन्सूरला ते जेवण आठवलं. सोमाजीच्या घरची मासोळी यावेळी एवढी मऊ कशी, असं त्याच्या मनात आलं होतं. कुंताबाईंच्या हाताची तारीफही त्याने केली होती. त्याने दोन्ही हात तोंडावर ठेवले. शहजादीने त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि तसाच राहू दिला.

घड्याळ पाहून रुबीनाने इशारा केला. रईसने डेव्हलपर ओतून टाकला, माठाच्या पाण्याने टाकी खळबळून घेतली आणि चित्र पक्कं करणारा हायपो भरला.

"अब्बा," टाकी हलवता हलवता तो म्हणाला, "तुमी आमाले काऊन नाई सांगतलं?"

"तू काऊन नाई विचारलं?"

रईसने टाकी पुन्हा उलटी केली.

"तू भिंत तोडली तवा मी भांडलो," मन्सूर म्हणाला. "तुले वाटलं, बुढ्याले नवं नाई आवडत. तसं नव्हतं बेटा. त्या खोलीत फिल्म चढवताना कोनालेच दिसत नाई. तुलेबी नाई, मलेबी नाई. तिथी मी सगळ्याईसारखा होतो. आता तशी जागा नाई राह्यली, म्हून भांडलो."

टाकी रईसच्या हातात उलटी-सुलटी होत राहिली. त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं, ते पुसायला हात मोकळा नव्हता. रुबीनाने पाहिलं आणि ती दुसरीकडे पाहू लागली.

*

टाकी उघडल्यावर रईसने चकतीतून फिल्मची लांब पट्टी सोडवली आणि बादलीतल्या पाण्यात धुतली. मग एक टोक त्याने धरलं, दुसरं रुबीनाने, आणि दोघांनी ती दाराच्या उजेडात आणली.

"पूर्ण कोरी नाई, अब्बा," रईस घाईने म्हणाला.

"तू नको सांगू. रुबीना सांगन. रुबीना, जे आहे ते सांग."

रईसने रुबीनाकडे पाहिलं. त्या नजरेचा अर्थ तिला कळला, पण तिने तो मानला नाही.

"पहिल्यात काहीच नाई, अब्बा. नुसतं आभाळ. दुसऱ्यात बी आभाळ, खाली झाडाचे शेंडे." ती पट्टी सरकवत गेली. "यात पाय आहेत. धोतर गुडघ्याच्या वर खोचलं आहे. यात खांदा अन् कान. यात पाणी अन् डोंग्याचं टोक."

प्रत्येक फोटोला मन्सूर मान हलवत होता. कुंताबाई पदर मुठीत धरून बसल्या होत्या. अर्धी पट्टी संपली होती.

"यात पुरा माणूस आहे," रुबीना म्हणाली. "मधोमध. पुढच्यात बी. अन् त्याच्या पुढच्यात बी."

"मधोमध?" मन्सूरने विचारलं.

"हो. डोक्यापासून कमरेपर्यंत. अन् अब्बा, खालून एक रेघ येते. कॅमेऱ्याजवळून निघून सरळ त्याईच्या हातात जाते."

रीता इतका वेळ एक शब्द बोलली नव्हती. ती उठून आली आणि वाकून पट्टीकडे पाहू लागली.

"दोरी आहे ते," ती म्हणाली. "जाळ्याची. बाबानं एक टोक धरलं आहे."

मन्सूर ताठ बसला.

"माझ्या हातात होती ती," तो म्हणाला. "दुसरं टोक माझ्या हातात होतं. त्यानं अगोदर विचारलं, भाऊ, कॅमेरा किती दूरचा लावला? मी म्हणलं, दहा फुटाचा. मंग काही वेळानं दोरीचं टोक माझ्या बोटाईत अडकवलं. म्हणला, जरा धरून ठेवा भाऊ, ताणून ठेवा, जाळं सुटून जाईन. मी एका हातानं कॅमेरा अन् दोरी धरली, दुसऱ्यानं खटका दाबत गेलो. तो तिकडून बोलत होता. मले वाटलं, जाळ्याशी बोलून राह्यला." त्याचा आवाज बारीक झाला. "जाळं कुठी होतं मंग?"

"जाळं तं मागं काठावर वाळून राह्यलं आहे," रीता म्हणाली. "दिसते फोटोत."

"मंग ती दोरी मलेच धरून होती," मन्सूर म्हणाला, "दहा फुटावर, सरळ त्याच्याकडं." बाहेर रिक्षा थांबली, निघून गेली.

कुंताबाई उठल्या. रईसने पट्टी त्यांच्यासमोर धरली. त्यांनी पाहिलं आणि एक पाऊल मागे घेतलं. काळं तोंड, पांढरे केस, पांढऱ्या बुबुळांचे डोळे.

"हे ते नाईत," त्या म्हणाल्या.

"उलटं असते ते," मन्सूर म्हणाला. "काळ्याचं पांढरं, पांढऱ्याचं काळं. शहजादी, थैली दे. रईस, थैली फिल्मच्या मागं धर, अन् फिल्म थोडी तिरपी कर. उजेड बाजूनं येऊ दे."

रईसने काळी थैली मागे धरली. पट्टी थोडी कलवली, अजून थोडी कलवली. एका कोनात चित्र पालटलं. काळ्या कापडावर राखाडी रंगात सोमाजी उभा राहिला. अंगावर पाण्याचे शिंतोडे, गालावर न केलेली दाढी, दोन्ही हातांनी दोरी छातीशी ओढून धरलेली. तोंड उघडं होतं. काहीतरी बोलता बोलता तो हसत होता.

कुंताबाईंनी हात पुढे केला. फिल्म ओली आहे हे कोणी सांगायच्या आधीच त्यांचं बोट वाटेत थांबलं.

"दात पडला तो बी दिसते," त्या म्हणाल्या. मग तख्तावर बसून त्या रडल्या. शहजादी त्यांच्याजवळ सरकली आणि त्यांना आपल्या खांद्यावर घेतलं. ती काही समजावत बसली नाही.

फिल्म वाळायला आतल्या दोरीवर लावली. धूळ बसू नये म्हणून रईसने पंखा बंद केला आणि सगळे घामाने निथळत बसून राहिले. रुबीनाने पोळ्या आणि चवळीची भाजी वाढली. जेवताना रईस म्हणाला की फोटो मोठा करायचं यंत्र पलंगाखाली आहे, मोरीच्या खिडकीला चादर लावून फोटो तिथे काढता येईल.

"कुंताबाई, चेहराच मोठा करतो," तो म्हणाला. "दोरी कापून टाकतो. तेरवीच्या फोटोत बरी नाई दिसत."

कुंताबाईंनी घास खाली ठेवला.

"राहू द्या, बापू," त्या म्हणाल्या. "ते हातात काही नसलं तं त्याईले उभं राह्यता येत नव्हतं. राहू द्या दोरी."

*

शुक्रवारी सकाळी फ्रेम केलेला फोटो वर्तमानपत्रात गुंडाळून रईस निघाला, तेव्हा मन्सूर स्वच्छ कुर्ता घालून दारात बसला होता.

"अब्बा, तिथी गर्दी असन."

"असू दे. मातीले नाई गेलो, आता तं जाऊ दे. हात दे मले."

रईसने हात दिला. घरातून बाहेर पडताना दारात उभ्या असलेल्या शहजादीकडे त्याने पाहिलं. ती दोघांकडे पाहत होती आणि तिने नुसती मान हलवली.

बसस्टँडवर सावलीच्या गाडीची वाट पाहत दोघं उभे होते. समोरच्या पानठेल्यावरून लटारू ओरडला. तो जुन्या काळापासून तिथे होता. त्याच्या लग्नाचे फोटो मन्सूरनेच काढले होते.

"काय मन्सूरमियाँ, मोठे झाले काय? कवापासून हात हलवून राह्यलो, वळख बी देत नाई."

रईसने उत्तर द्यायला तोंड उघडलं. मन्सूरने त्याचा हात दाबला.

"दिसत नाई मले," तो आवाजाच्या दिशेने म्हणाला. त्याचा आवाज मोठा होता, आजूबाजूच्या चार लोकांनी मान वळवून पाहिलं. "दोन्ही डोळ्याईनं नाई दिसत. लटारू आहेस न? इकडं ये."

लटारू ठेल्यावरून खाली उतरला, रस्ता ओलांडून आला आणि मन्सूरसमोर येऊन उभा राहिला. मग त्याने मन्सूरचा मोकळा हात आपल्या हातात घेतला. सावलीची गाडी लागेपर्यंत तो तिथेच त्यांच्यासोबत उभा होता, आणि गाडी लागल्यावर त्यानेच मन्सूरला पहिल्या पायरीपर्यंत नेलं.